'दहा वर्षं काय झोपले होते?' : स्पष्टवक्ता यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता,

संशोधक नॅन्सी वेक्सलर आणि हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो, नाहीतर मी सोयीचं तेवढंच उचललं असं म्हणायला तुम्ही मोकळे. तुमचं म्हणणं असं : लेख म्हणजे 'वेक्सलरबाईंची आरती' आहे. १९८३ मध्ये जनुकाजवळची डीएनएवरची खूण सापडली ते निव्वळ नशीब. त्यानंतर जनुक हाती लागायला दहा वर्षं लागली, 'सिस्टिक फायब्रोसिसवाले चार वर्षांत पोचले, मग हे काय झोपले होते?' बाई मुळात मानसशास्त्राच्या, खरं काम ती खूण शोधणाऱ्या जेम्स गुसेलाचं. व्हेनेझुएलातल्या गरिबांना 'गिनिपिग' केलं आणि औषधाच्या नावानं आजही शून्य. चाचणी म्हणजे 'साधी पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं), अडीच तासांचं काम', तिच्यावर समुपदेशनाचा बाऊ करून ती लोकांपासून लांब ठेवतात. आपल्याकडे हा आजारच नाही, तर मराठीत लिहायचं कशाला? आणि शेवटी मी 'विज्ञानाचा पगारी भाट'.

भाट म्हणा, चालेल. पगार कुठे मिळतो तेवढं कळवा.

टीकेला माझी ना नाही. पण ज्या बाईची आई, आईचे वडील आणि तिघे मामा याच आजारानं गेले, आणि जिला स्वतःला तो होण्याची शक्यता निम्मी होती, तिच्या कामाविषयी लिहिताना 'झोपले होते' असं लिहायला हात कसा धजावतो, हे मला समजत नाही. पडद्याआडच्या नावानं लिहिलं की जीभ सैल सुटते, एवढंच समजतं.

नशिबाचा मुद्दा मात्र मान्य. पूर्ण मान्य. त्या वेळी मानवी डीएनएवरच्या खुणा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि गुसेलानं अगदी सुरुवातीला तपासलेल्या काही प्रोबांमध्येच (प्रोब म्हणजे डीएनएवरची ठरावीक जागा हुडकणारा तुकडा) जी८ हा प्रोब लागला. शंभरेक प्रोब तपासल्यावर काही मिळालं असतं तरी लोकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. यात कौतुकाला कात्री लावायची असेल तर जरूर लावा.

आता त्या दहा वर्षांकडे येतो. हे वाक्य तुम्ही सहज टाकलंत, पण त्यात अख्ख्या विषयाविषयीचा गैरसमज भरलेला आहे, म्हणून इथे जरा थांबावं लागेल. किरणोत्सारी फॉस्फरसचा प्रोब, समोर अॅक्रिलिकची ढाल आणि डार्करूममध्ये धुतलेल्या फिल्मा या काळापासून मी याच कामात आहे, आणि आज याच आजारांचे रिपोर्ट माझ्या सहीनं बाहेर जातात. तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही.

१९८३ मध्ये जे सापडलं ते जनुक नव्हतं. सापडली ती चौथ्या क्रोमोसोमवरची एक जागा, तिचं नाव डी४एस१०. पद्धत अशी होती : रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून डीएनए काढायचा, त्यातला ५ ते १० मायक्रोग्रॅम घेऊन हिंड-३ नावाच्या एन्झाइमनं कापायचा, तुकडे अॅगरोजच्या जेलवर रात्रभर चालवायचे, मिठाच्या द्रावणानं ते पडद्यावर ओढून घ्यायचे, त्यावर जी८ चा किरणोत्सारी प्रोब ६५ अंशांवर रात्रभर ठेवायचा, धुवायचं आणि फिल्म उणे ७० अंशांवर काही दिवस ठेवून द्यायची. जी८ च्या टापूत हिंड-३ ची कापण्याची दोन ठिकाणं माणसागणिक असतात किंवा नसतात. त्यामुळे चार नमुने पडतात : ए, बी, सी, डी. व्हेनेझुएलातल्या मोठ्या घराण्यात आजार सी बरोबर चालत होता, अमेरिकेतल्या घराण्यात ए बरोबर. म्हणजे सी असणं हा आजार नव्हे, ए असणं हाही नव्हे. एका घराण्यात खूण आणि आजार पिढ्यान्‌पिढ्या एकत्र उतरतात, एवढंच त्यातून कळतं. लॉड स्कोअर, म्हणजे हे एकत्र उतरणं योगायोग नसल्याचं माप, ३ असलं तरी पुरेसं धरतात, म्हणजे हजारास एक. इथे दोन्ही घराणी मिळून ८.५३ आला, म्हणजे सुमारे ३४ कोटींस एक. त्यातले ६.७२ एकट्या व्हेनेझुएलाचे, म्हणजे वेक्सलर यांनी तिथे जमवलेल्या रक्ताचे. अमेरिकेचं घराणं १.८१ वरच अडकलं होतं. 'खरं काम गुसेलाचं, बाई मानसशास्त्राच्या' याचं उत्तर या आकड्यांतच आहे, त्यावर वेगळा परिच्छेद खर्चत नाही.

बरं, जागा कळली. ही जागा आणि खरं जनुक यांत साधारण ४ सेंटिमॉर्गनचं अंतर होतं, म्हणजे शंभरातल्या चारेक मुलांमध्ये खूण एकीकडे आणि आजार दुसरीकडे जाणार. त्या अंतरात लाखो अक्षरं बसतात. त्यातून जनुक क्रोमोसोमच्या आखूड भुजेच्या टोकाकडच्या भागात. डी४एस१० त्याच्या आतल्या बाजूला होता, आणि त्यानंतर जी जी नवी खूण मिळाली ती बरीच वर्षं आतल्याच बाजूची निघाली. एकाच बाजूचा बांध ठाऊक असलेल्या शेताची मोजणी होत नाही. टोकाकडून कुंपण घालायला खूणच नव्हती, आणि क्रोमोसोमचं टोक पुनरावृत्तींनी इतकं भरलेलं असतं की त्याचे क्लोन, म्हणजे प्रती, जिवाणूत नीट टिकत नाहीत.

मग आली खरी अडचण. जागा अरुंद करायची तर ज्यांच्यात क्रोमोसोमची अदलाबदल नेमक्या त्या टापूत झाली अशी माणसं लागतात. अशी माणसं मोजकीच मिळाली, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देत होती. काहींच्या डीएनएवरून जनुक अगदी शेवटच्या टोकाला असावं असं दिसत होतं, काहींच्यावरून बरंच आत. दोन्ही खरं असू शकत नाही. लंडनमध्ये जिलियन बेट्स आणि हान्स लेहराख यांच्या गटानं यीस्टच्या कृत्रिम क्रोमोसोममध्ये ते टोक वेगळं काढलं, १९९० मध्ये प्रसिद्ध केलं. जनुक त्यात नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे की ते टोकापासून सुमारे ३० लाख अक्षरं आत आहे.

साक्षी चुकतात कशामुळे? एन्झाइमनं डीएनए पूर्ण कापला गेला नाही तर फिल्मवर जादा पट्टा उमटतो आणि माणसाचा नमुना चुकीचा वाचला जातो. दोन नळ्यांची अदलाबदल होते. कागदावरचा बाप खरा बाप नसतो. पस्तिशीतला माणूस 'निरोगी' म्हणून नोंदवला जातो, पण आजार त्याच्यात पंचेचाळिशीत दिसणार असतो. किंवा निदानच चुकतं : हातपाय वेडेवाकडे हलतात म्हणून हंटिंग्टन लिहिलं, असतं दुसरंच. यातली कोणतीही एक चूक झाली की खोटी अदलाबदल तयार होते, आणि अशी एकच खोटी साक्ष सगळ्या प्रयोगशाळांना भलत्या टोकाला पाठवायला पुरते. हे मी मागाहून शहाणपण सांगत नाही. जनुक मिळाल्यावर १९९४ मध्ये हजारावर रुग्णांचे नमुने पुन्हा तपासले गेले, तेव्हा तीसएक जणांत अपेक्षित बदल सापडलाच नाही, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत घोळ निदानाचा, नळीचा किंवा नोंदवहीचा निघाला.

म्हणूनच व्हेनेझुएलातली ती मोठी वंशावळ. १९५० च्या दशकात अमेरिको नेग्रेत्ते या डॉक्टरनं माराकाइबो तलावाकाठच्या सान लुईस भागात हा आजार ओळखला होता, तिथले लोक त्याला 'एल माल' म्हणत. वेक्सलर १९७९ मध्ये तिथे गेल्या, १९८१ पासून दरवर्षी तुकडी घेऊन. सान लुईस, बारांकीतास, आणि तलावात खांबांवर उभं असलेलं लागुनेतास. वंशावळ वाढत १८ हजारांवर गेली, दहा पिढ्या, चार हजारांहून अधिक रक्ताचे नमुने. रक्त घेणं हे त्यातलं सोपं काम. ते जिवंत पोचवावं लागतं : गोठवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, दोन-तीन दिवसांच्या आत बोस्टनला, कारण त्यातल्या लिम्फोसाइट पेशींना विषाणूनं कायमच्या वाढत्या पेशी बनवायचं असतं, म्हणजे पुन्हा त्या माणसाच्या दंडात सुई खुपसावी लागत नाही. नोंदी सांकेतिक, तपासणी दरवर्षी, आणि तीच माणसं पुन्हापुन्हा, कारण गेल्या वर्षीचा 'निरोगी' यंदा तसा राहीलच असं नाही. मूळ हेतू तर खूण शोधण्याचा नव्हताच. आई-बाप दोघेही रुग्ण असलेली मुलं शोधायची होती, म्हणजे जनुकाची दुहेरी मात्रा मिळालेली माणसं. ती मिळाली, आणि १९८७ मध्ये दिसलं की दुहेरी मात्रेनं त्यांच्यात आजाराचं स्वरूप वेगळं दिसत नाही. माणसाच्या आजारांत असा खराखुरा प्रबळ वारसा तोवर कुणी दाखवला नव्हता. तुमच्या प्रतिक्रियेत यातलं एक अक्षर नाही.

सिस्टिक फायब्रोसिसची तुलना करताना एवढं तरी बघायचं होतंत. तिथे १९८५ मध्ये जागा कळली आणि १९८९ मध्ये जनुक, बरोबर. पण तिथे दोन्ही बाजूंच्या खुणा लवकर मिळाल्या, आणि बहुतांश रुग्णांत एकच ठरावीक तीन अक्षरांची गळती होती. हंटिंग्टनमध्ये काही गळत नाही, काही तुटत नाही. बदल कसला शोधायचा हेच माहीत नव्हतं. तीन अक्षरांची पुनरावृत्ती वाढून माणसाला आजार होतो ही गोष्टच १९९१ मध्ये फ्रॅजाइल एक्स आणि केनेडीच्या आजारात पहिल्यांदा दिसली. त्याआधी कुणी सीएजी (डीएनएची सी, ए, जी ही तीन अक्षरं) मोजत बसलं असतं तर तुमच्यासारख्यांनीच त्याला वेड्यात काढलं असतं.

शेवटी १९९२ मध्ये दिशा बदलली. घराण्याघराण्यांत अदलाबदली शोधण्याऐवजी वेगवेगळ्या घराण्यांच्या आजारी क्रोमोसोमांवर कोणता तुकडा समान आहे ते पाहिलं, आणि टापू सुमारे पाच लाख अक्षरांपर्यंत आला. मग त्यातले एक्झॉन, म्हणजे जनुकांचे प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, एकेक करून 'सापळ्यात' पकडले. आयटी१५ नावाच्या जनुकाच्या पहिल्याच एक्झॉनमध्ये सीएजीची माळ होती. ७५ घराण्यांचे आजारी क्रोमोसोम तपासले : निरोगी क्रोमोसोमांवर ११ ते ३४ वेळा, आजारी क्रोमोसोमांवर ४२ पासून ६६ च्या वर. मार्च १९९३. सहा गट, ५८ जण, लेखावर कुणा एकाचं नाव नाही, गटाचं आहे. झोपलेली माणसं अशी वागतात का?

'अडीच तासांची साधी पीसीआर'वरही चार शब्द, कारण हे वाचून उद्या कुणी तरी खरंच कुठल्यातरी लॅबमध्ये जाईल.

यंत्राचा वेळ अडीच तास, हे खरं. पण सीएजीच्या लगेच पुढे सीसीजीची दुसरी माळ असते, तिची लांबीही माणसागणिक बदलते, बहुधा ७ किंवा १०. सुरुवातीच्या चाचण्यांचे प्रायमर (प्रत कुठून कुठवर काढायची ते ठरवणारे तुकडे) दोन्ही माळा मिळून मोजत. सीसीजी १० असेल तर सीएजी तीननं फुगलेला दिसायचा, आणि या आजारात तीनचा फरक म्हणजे निरोगी आणि आजारी यांतला फरक. टापू जी आणि सी या अक्षरांनी भरलेला असल्यानं डीएमएसओसारखं रसायन घातल्याशिवाय प्रतिक्रिया नीट चालत नाही. लांबी मोजणाऱ्या कॅपिलरी नळीत सीएजीचे तुकडे खऱ्या लांबीपेक्षा वेगानं धावतात, म्हणून क्रम वाचून पक्क्या केलेल्या नमुन्यांशी ताडल्याशिवाय आकडा लिहायचा नसतो. आणि सगळ्यांत वाईट : मोठी माळ पीसीआरमध्ये वाढतच नाही, फक्त निरोगी प्रत दिसते, एकच शिखर. अननुभवी माणूस लिहितो 'दोन्ही प्रती १७, निरोगी'. अशा वेळी ट्रिपलेट-प्रायम्ड पीसीआर लावलीच पाहिजे. ती माळेच्या आतूनच सुरू होते, त्यामुळे लांब माळ असेल तर शिखरांची उतरती शिडी दिसते. लहान वयात सुरू होणाऱ्या रूपात माळ बहुधा ६० च्या वर असते, तिथे ही चूक हमखास होते.

आकडा बरोबर आला तरी त्याचा अर्थ सरळ नाही. २६ पर्यंत ठीक. २७ ते ३५ म्हणजे स्वतःला आजार नाही, पण पुढच्या पिढीत, विशेषतः बापाकडून, माळ वाढू शकते. ३६ ते ३९ म्हणजे होईल किंवा होणार नाही. ४० पासून पुढे होणार, कधी ते मात्र आकडा सांगत नाही. त्यात माळेच्या शेवटी एरवी असणारा सीएए काही जणांत नसतो, तेव्हा यंत्राचा हिशेब दोननं कमी पडतो आणि आजार अपेक्षेपेक्षा लवकर येतो. 'बाऊ' तो हा. पंचविशीतल्या निरोगी माणसाला ३८ हा आकडा व्हॉट्सअॅपवर पाठवायचा का? समुपदेशन आधी, रिपोर्ट समोरासमोर, मधे कुठल्याही टप्प्यावर 'नको' म्हणायची मुभा, आणि अल्पवयीन मुलांची भविष्यदर्शी चाचणी नाही. लक्षणं दिसत असलेल्या रुग्णाची निदानासाठीची चाचणी ही वेगळी गोष्ट, तिला कुणी अडवत नाही. हे दोन्ही तुम्ही एकाच पोत्यात घातलेत.

बाकीचं भराभर.

औषध 'शून्य' नाही. टेट्राबेनाझिन अमेरिकेत २००८ मध्ये मान्य झालं, त्याची दोन भावंडं २०१७ आणि २०२३ मध्ये. ती हालचाली कमी करतात, आजार थांबवत नाहीत. टोमिनर्सेन या प्रायोगिक औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये मधेच थांबवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये एएमटी-१३० या जनुकोपचाराचे तीन वर्षांचे आकडे आले, जास्त मात्रेच्या गटात आजाराची वाटचाल ७५ टक्के मंदावल्याचे. पण रुग्ण थोडे आणि तुलना बाहेरच्या गटाशी, म्हणून मी लेखात त्यावर नाचलो नाही. माळ मेंदूच्या पेशीतच आयुष्यभर वाढत राहते आणि एमएसएच३, एफएएन१ ही दुरुस्तीची जनुकं तिचा वेग ठरवतात, हे कळल्यानं आता नवी दिशा मिळाली आहे. तेही व्हेनेझुएलाच्या २००४ च्या आकड्यांनी दाखवलेल्या रस्त्यानंच : आजार सुरू होण्याच्या वयातला फरक सगळा सीएजीनं ठरत नाही, उरलेल्यात इतर जनुकांचा वाटा आहे.

'गिनिपिग' : वेक्सलर स्वतःच्या दंडावरचा बायोप्सीचा व्रण त्या लोकांना दाखवत, आणि १९९९ मध्ये माराकाइबोत रुग्णांसाठी निवास उघडला. तो पुढे बंद पडला. औषधं तिथे पोचतात का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे नको.

'आपल्याकडे हा आजारच नाही' : आहे. भारतीय घराण्यांतही हंटिंग्टन सापडतो. आणि सीएजीच वाढून होणारा एससीए१२ हा आजार जगात सर्वाधिक आढळतो तो उत्तर भारतातल्या अगरवाल समाजात. दिल्लीच्या प्रयोगशाळांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. नेटवर शोधायला दोन मिनिटं लागतात, प्रतिक्रिया लिहायला त्याहून जास्त लागली असतील.

आता एक कामाची गोष्ट. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, शिव्यांसकट तशीच आहे. फक्त पाचव्या ओळीत 'आमच्या शेजारच्या अमुक-अमुक यांच्या घरात हाच प्रकार आहे, आजोबा आणि आता नातू' असं आडनावासकट आणि गावासकट लिहिलं होतंत, ते मी झाकलं आहे. त्या घरात ज्यांनी चाचणी केली नसेल, किंवा करून घ्यायचीच नाही असं ठरवलं असेल, त्यांच्याविषयी तुम्ही सोयरिकी जुळवणाऱ्या अख्ख्या गावाला कळवून टाकलंत. आजोबा आणि नातू दोघांना आजार म्हणजे मधल्या माणसात ते जनुक जवळजवळ नक्की आहेच. त्याला स्वतःला हे माहीत आहे का, हे तुम्हाला ठाऊक आहे? ती ओळ पुन्हा टाकलीत तर अख्खी प्रतिक्रिया उडवीन. हंटिंग्टनवर वाद घालायचा असेल तर वरच्या आकड्यांवर घाला.